१८० हेक्टर सामूहिक वन, भिवापूर पट्टा : खड्डे घ्यायचे की आधी दुसरं काही?

भिवापूरकर

नमस्कार मंडळी. ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळालाय, १८० हेक्टरचा. आता दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा करायचाय. जंगल असं आहे :

जवळपास ४० हेक्टर जुनं साग रोपवन. २ × २ मीटरवर लावलेलं, विरळणी झालेली दिसत नाही. झाडं उंच पण बारीक, खाली गवताची काडी नाही. १०० हेक्टर मिश्र जंगल : येन (ऐन), धावडा, तेंदू, मोह, लेंडी, मोवई, गराडी, मुरमाड उतारावर सालई. नाल्याकाठी मानवेल बांबूची बेटं. उरलेलं ४० हेक्टर उघडं. त्यातल्या अर्ध्यात रायमुनिया (घाणेरी) माजलेली, अर्ध्यात गवताळ पठार आणि तुरळक पळस. आग दरवर्षी लागते. गुरं आपल्या गावची येतात, शेजारच्या दोन गावांचीही येतात.

समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, तीन बाय तीनवर हेक्टरी ११११ खड्डे घ्या, रोजगार हमीतून मजुरीही निघेल. दुसरा म्हणतो, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी करा नि गप बसा. जाणकारांनी सांगावं.

सक्करदरा

खड्डेच घ्या नं जी. वड, पिंपळ, कडुनिंब लावा. पाच फुटी रोपं मिळाली तर तीन वर्षांत हिरवंगार दिसेल.

येन-धावडा

सक्करदरा भाऊ, रिंगरोडच्या कडेला ते ठीक आहे. इथे जमिनीखाली जंगल आधीच उभं आहे, फक्त वर दिसत नाही. मध्य भारतातल्या या कोरड्या पानझडी जंगलात रोपटं पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात आगीनं किंवा गुरांच्या तोंडी जातं, पण मूळ मरत नाही. पुढच्या वर्षी त्याच मुळातून पुन्हा फुटतं. येन, तेंदू, लेंडी, पळस, साग अशी वर्षानुवर्षं अडकून पडलेली मुळं बहुतेक उजाड दिसणाऱ्या रानात असतात. त्यांच्यावर जेसीबी चालवून खड्डे नि चर काढले की वीस वर्षं जुनं मूळ तोडून त्या जागी वर्षाचं रोप लावल्यासारखं होतं.

म्हणून भिवापूरकर, आधी मोजा. भांडण तिथेच मिटेल.

नकाशावर २०० × २०० मीटरची जाळी टाका. एक बिंदू ४ हेक्टरमागे, म्हणजे १८० हेक्टरला ४५ बिंदू : सागात १०, मिश्र जंगलात २५, उघड्यावर १०. प्रत्येक बिंदूभोवती ०.१ हेक्टरचा चौकोन, बाजू ३१.६२ मीटर. तो आखायला बाजू मोजत बसू नका. २२.३६ मीटरवर गाठ मारलेली दोरी घ्या. मध्यबिंदूवरून ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य अशा चार दिशांना ताणली की चारही कोपरे मिळतात. उतारावर दोरी आडवी, पाण्याच्या पातळीत धरायची. जमिनीला टेकवून मोजली की चौकोन लहान पडतो नि झाडं कमी भरतात.

चौकोनात ३० सेंमीच्या वर घेर असलेलं प्रत्येक झाड : नाव आणि १.३७ मीटर उंचीवरचा घेर. झाड उतारावर असेल तर उंची वरच्या अंगाने मोजायची. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत ३ × ३ मीटरचे दोन चौकोन, त्यात रोपटी नि फुटवे मोजायचे. एका खुंटातून दहा फुटवे आले तरी गणती एक.

आता गंमत बघा. ३ × ३ म्हणजे ९ चौरस मीटर. अशा ९० चौकोनांत मिळून ९० रोपटी सापडली, तर ती हेक्टरी ११११ होतात. तुमच्या पहिल्या गटाचा खड्ड्यांचा आकडाही तोच! तेवढी रोपटी जंगलानं फुकटात दिलेली असताना त्यावर खड्डा कशाला?

भिवापूरकर

हे पटलं. पण सरासरी चांगली आणि एक कोपरा ओसाड असंही होऊ शकतं नं?

येन-धावडा

होतंच. म्हणून सरासरीशेजारी दुसरा आकडा लिहा : किती चौकोन पूर्ण रिकामे निघाले. ९० पैकी १५ रिकामे असले तर विसरून जा. ५० रिकामे असतील आणि ते एकाच अंगाला असतील, तर ते अंग वेगळं काढा. लागवडीचा विचार फक्त तिथे.

आणि जातवार बघा. रोपट्यांत दहापैकी आठ तेंदू नि पळस असतील तर ती आगीची खूण आहे. दोघंही जाळ सोसतात, बाकीचे तितकं सोसत नाहीत. मोठे मोह बरेच आणि मोहाचं एकही पोर नाही, हे तर जवळपास नक्की सापडेल.

जाळरेषा

मग आगीवर मीच लिहितो, हँडल त्यासाठीच घेतलंय.

राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. इथल्या आगी आपोआप लागत नाहीत. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळणं, तेंदूला कोवळा फुटवा यावा म्हणून झुडपं जाळणं, गवत लवकर हिरवं व्हावं म्हणून काडी लावणं, धुऱ्यावरचा (शेताच्या बांधावरचा) कचरा पेटवून घरी जाणं, आणि विडीचं थोटूक. यादी संपली. त्यामुळे आगीचं अर्धं काम गावातच आहे, जंगलात नाही.

उरलेलं अर्धं काम जाळरेषेचं, म्हणजे आग अडवायला गवत-पाला काढून ठेवलेल्या पट्ट्याचं. तुमचं क्षेत्र चौकोनी धरलं तर हद्द साधारण साडेपाच किलोमीटर. ६ मीटर रुंद रेषा म्हणजे सव्वातीन हेक्टर साफसफाई. नोव्हेंबर-डिसेंबरात गवत कापा, मधोमध ओढा, जानेवारीपासून हंगामाआधी संध्याकाळी, वारा पडल्यावर जाळा. दोन्ही बाजूंना माणसं उभी हवीत. एका दिवशी जेवढं विझवून घरी जाता येईल तेवढंच पेटवायचं.

बहुतेक ठिकाणी चूक याच्यानंतर होते. फेब्रुवारीत जाळलेली रेषा बघून लोक निर्धास्त होतात. सागाची पानगळ त्यानंतरही चालू असते. ताटाएवढी पानं पंधरा दिवसांत रेषा भरून टाकतात आणि एप्रिलमध्ये आग त्यावरून चालत पलीकडे जाते. म्हणून सागाच्या भागातली रेषा मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दर १०-१२ दिवसांनी झाडायची. पाठीवरच्या ब्लोअरनं हे काम झपाट्यानं होतं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेत बघा : १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजपंचे ओतलं की एका हंगामात पिस्टन जातो.

आग लागलीच तर सहा-आठ जणांची टोळी, एक ब्लोअर, तीन दाताळी, दोन कोयते, पिण्याचं पाणी वेगळं. शेपटाकडून दोन्ही कडांनी पुढे जायचं. तोंडासमोर उभं राहायचं नाही, आणि चढावर आगीच्या वर तर मुळीच नाही. ब्लोअरचा झोत पाला जळलेल्या बाजूला लोटेल असा धरायचा. ज्वाळेवर धरला तर ठिणग्या पुढे उडून नवीन आग लागते.

विझल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी परत जा. पोकळ वठलेलं खोड रात्रभर आतून धुमसतं. दुपारचा वारा सुटला की पुन्हा पेटतं, आणि दोष कुणी नवीन माणसानं लावली म्हणून येतो.

नाकाडोंगरी

मोबाइलवर भारतीय वन सर्वेक्षणाचे आगीचे इशारे येतात. त्यावर किती भिस्त ठेवायची?

जाळरेषा

नोंदणी जरूर करा, पण समजून घ्या. व्हीआयआयआरएस उपग्रह-संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. नकाशावरचा बिंदू त्या ठिपक्याचा मध्य असतो, आग दोनशे मीटर इकडेतिकडे असू शकते. उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. तीन वाजता लागलेली आग रात्रीपर्यंत त्याला दिसणारच नाही. दुपारी १२ ते ४ मचाणावर बसलेला फायर वॉचर त्याच्या आधी सांगेल.

गवत्या

एक मुद्दा जरा वादाचा. सगळीच आग वाईट का? डिसेंबर-जानेवारीत, दंव असताना, हलक्या आगीनं पाला कमी करून ठेवला तर मे महिन्यातली मोठी आग टळते. काही ठिकाणी हे मुद्दाम करतात.

येन-धावडा

रेषेवर करा, पठारावर पट्ट्यापट्ट्यानं, दोन-तीन वर्षांआड करा. मिश्र जंगलाच्या आत नको. दोन कारणं. पाला जाळला की जमिनीवरचं पांघरूण जातं, आणि पहिल्याच वळवाच्या सरीत मुरमावरची माती नाल्यात. दुसरं, इथे सवाल मोठ्या आगीचा कमी आणि *दरवर्षीच्या* आगीचा जास्त आहे. रोपट्याला आगीच्या उंचीवर जायला सलग चार-पाच वर्षं शांतता लागते. हलकी आगही बोटाएवढं खोड मारतेच.

गवत्या

पठाराबाबत मान्य. आत नको, हेही मान्य.

मोहफूल

तेंदू आणि मोहाशिवाय आगीची चर्चा पोकळ आहे, कारण उन्हाळ्यातला पैसा तिथूनच येतो.

तेंदू : जाळण्याऐवजी खुटकटाई. फेब्रुवारीत, उशिरात उशिरा मार्चच्या पहिल्या आठवड्यात, झुडुपं जमिनीलगत धारदार कोयत्यानं एका घावात कापायची. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मऊ, मोठं, लालसर पान येतं. बोथट हत्यारानं खुंट फाटला की फुटवा दुबळा येतो, पान खुरटतं. मोठी झाडं छाटायची नाहीत, ती टेंभरं धरतात. आपल्याकडे ७० पानांचा पुडा आणि हजार पुड्यांचं प्रमाण गोणं. फळीवर (तेंदू गोळा करायच्या केंद्रावर) बारीक, कीड लागलेलं पान वेगळं काढतात, म्हणून खुटकटाईची मजुरी दरात वसूल होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर आग आणि फांदीतोड नको म्हणून तेंदू तोडणंच बंद केलं आणि बांबूवर भर दिला. सगळ्यांना ते झेपेल असं नाही, पण असा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते हे दिसलं.

मोह : झाडाखाली आठ-दहा मीटरचं वर्तुळ झाडून पाला बुंध्यापासून लांब खड्ड्यात. त्यावर जुनी हिरवी शेडनेट अंथरली की फूल स्वच्छ मिळतं, माती-राख लागत नाही, भावही बरा येतो. नेट रोज गोळा करून घरी आणा, नाहीतर हरणांच्या पायात अडकते.

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जवळ आहे तुम्हाला. मोह वेचणारा माणूस पहाटे वाकलेला असतो आणि वाघाला तो माणूस वाटत नाही. उजाडल्याशिवाय जायचं नाही, चौघांपेक्षा कमी नाही, एक जण उभा राहून बघणारा. आराखड्यात हे नियम म्हणून लिहा.

आणि मोहाचं पोर का सापडत नाही, तर जूनमध्ये टोळी, म्हणजे मोहाचं बी, तेलासाठी झाडून वेचली जाते. जे उरलं ते डुकरं खातात. दहापैकी एक झाड राखीव ठेवा, त्याची टोळी कुणी उचलायची नाही. कोणतं झाड ते ग्रामसभेत ठरवून खोडावर पट्टा मारा. मोहाचं बी साठवता येत नाही, पडल्यापासून आठ-दहा दिवसांत रुजत घाला. सोटमूळ लवकर खोल जातं म्हणून उथळ पिशवी चालत नाही, मूळ तळाशी गुंडाळी होऊन बसतं नि झाड पुढे कोसळतं. शक्यतो जागेवरच टोबा.

भिवापूरकर

चारोळीचंही असंच आहे का? आमच्याकडे मोजकीच झाडं उरलीत.

मोहफूल

चारोळीचं जास्त वाईट. दुसऱ्यानं आधी तोडू नये म्हणून सगळे हिरवी असतानाच फांदीसकट तोडतात. आत गर भरलेला नसतो, म्हणजे पैसाही कमी आणि झाडही गेलं. फळ काळंजांभळं होईपर्यंत थांबायचं. तोडणीची तारीख ग्रामसभेनं जाहीर करायची आणि त्याआधी आणलेला माल गावात कुणी विकत घ्यायचा नाही. पहारा ठेवण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं.

गवत्या

आता रायमुनिया. २० हेक्टर एकदम काढायला जाऊ नका. वर्षाला ५ हेक्टर, चार वर्षांत. ससे, मोर, रानडुकरं तिच्या आडोशाला असतात, आणि मोकळी केलेली जागा सांभाळायला माणसं तेवढीच आहेत.

वरून छाटली तर दुप्पट फुटते. जाळली तर बुंध्यातून पुन्हा येते. उपाय एकच : मुळावर घाव. एकानं काठीनं जाळी उचलून धरायची, दुसऱ्यानं लांब दांड्याच्या कुदळीनं सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंमीवर तोडायचं. फुटवा येतो तो खोड नि मूळ जिथे मिळतात त्या गाठीतून. ती गाठ वर आली पाहिजे. मग झुडूप उलटं करून, मुळं आकाशाकडे, तिथेच वाळत टाकायचं. सुलटं ठेवलं तर ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. वेळ : जमीन मऊ झाल्यावर, पण काळी फळं धरायच्या आत. फळं असलेली झुडपं ओढत नेली की वाटेवर बी पेरत जाल.

मग खरं काम सुरू होतं. ऊन लागलं की जमिनीतलं जुनं बी उगवतं. बुलबुल ज्या झाडावर बसतात त्याखाली तर गादीच असते. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात दोनदा जाऊन रोपटी हातानं उपटायची. हे अंदाजपत्रकात नसतं, म्हणून बहुतेक जागी चौथ्या वर्षी रायमुनिया होती तशी.

मोकळी जमीन रिकामी ठेवलीत तर रानतुळस आणि तरोटा येणार. त्याआधी गवत आलं पाहिजे. बी विकत कुठे मिळेल विचारू नका, तुमच्याच पठारावर आहे : शेडा, पवन्या, मारवेल, डोंगरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरा तपकिरी झाला, हातात सहज सुटू लागला की ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत टांगा. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, उन्हाळा काढलेलं बरं उगवतं. हेक्टरी ५-६ किलो, चाळलेल्या ओल्या मातीत कालवून जूनमध्ये फेका. नुसतं फेकलं तर केसाळ बी वाऱ्यानं कुंपणाला जाऊन लागतं. कुसळी मिसळू नका. ती पहिली येते नि जागा अडवते, शिवाय तुसांमुळे गुरांच्या तोंडाला जखमा होतात.

पठारावर कृपा करून झाडं लावू नका. गवताळ जमीन ही 'बिघडलेलं जंगल' नव्हे. उथळ मुरमावर जिथे हातभर माती नाही तिथे गवतच शोभतं. चंडोल, तित्तीर, खोकड यांना मोकळीकच लागते.

नियमबहाद्दर

पठार सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' म्हणून असेल तर एक लक्षात ठेवा. २२ मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पूर्व विदर्भातली झुडपी जंगलं वनजमीनच मानली आहेत. तळं, रस्ता, गोदाम, काहीही करायचं तर वनसंवर्धन कायद्याची वाट धरावी लागेल. चराई नि गवतकापणी आराखड्यात लिहून चालवा.

सागाचं सांगतो, कारण लोक इथेच अडकतात. वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची मालकी मिळते. बांबू, तेंदू, मोह, मध, डिंक त्यात येतात. इमारती लाकूड येत नाही. ग्रामसभेला साग तोडून विकता येणार नाही. 'तोडत नाही, फक्त साल काढून वाळवतो' ही पळवाटही नाही, तो गुन्हाच. मात्र तुमचा आराखडा वन विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे त्यांच्या कामाच्या आराखड्यात, समाविष्ट करण्याची तरतूद २०१२ च्या सुधारित नियमांत आहे. विरळणी हवी असा ठराव, तुमच्या १० चौकोनांचे आकडे जोडून, उपवनसंरक्षकांकडे द्या. काम विभाग करेल.

सक्करदरा

म्हणजे साग हा खलनायक आहे का? इथलाच आहे नं तो?

येन-धावडा

इथलाच आहे, नि चांगला आहे. बिघाड एकट्या सागाच्या पलटणीत आहे. एकच वय, एकच जात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पान जाळीदार करणारी अळी आली की ४० हेक्टर एकदम करपल्यासारखं दिसतं. मिश्र जंगलात तीच अळी येते, पण शेजारचा येन, बेहडा हिरवा असतो, पक्षी तिथे बसून अळ्या खातात. दुष्काळात, गारपिटीत हेच. वेगवेगळ्या खोलीची मुळं नि वेगवेगळी वयं असली की सगळं एकदम पडत नाही. टिकाऊ जंगल म्हणजे एवढंच.

२ × २ वर हेक्टरी २५०० रोपं. वेळेवर, म्हणजे लहान असतानाच, एक सोडून एक कर्णरेषा काढली असती तर १२५० राहिली असती, अंतर २.८३ मीटर. आता इतक्या वर्षांनंतर तसं एकदम करू नका. दाटीत वाढलेलं बारीक खोड उघड्यावर आलं की वाऱ्यात मोडतं, अंगभर फुटवे फुटतात, आणि एकदम आलेल्या उन्हात रायमुनिया शिरते. दोन टप्पे मागा, चार-पाच वर्षांच्या अंतरानं, दर वेळी उभ्या झाडांपैकी साधारण चौथा हिस्सा : दबलेली, वाकडी, रोगट आधी. आणि ठरावात ठळक लिहा की सागाशिवायचं एकही झाड, कितीही वाकडं असो, कापायचं नाही. त्या रोपवनात मधेच उगवलेला भेरा नि तिवस हेच पुढचं जंगल आहे.

बेटाची माती

बांबू राहिला. आराखड्याला पैसा तिथूनच मिळणार, म्हणून नीट ऐका.

तीन वर्षांचं चक्र, दरवर्षी एक तृतीयांश बेटं. काठीचं वय ओळखता आलं पाहिजे. पहिल्या वर्षाची काठी : गाठींवर वाळकी आवरणं, अंगावर पांढरट भुकटी, फांद्या जेमतेम. दुसऱ्या वर्षाची गर्द हिरवी, गुळगुळीत, फांद्या भरलेल्या. तिसऱ्या वर्षापासून पिवळसर झाक, डाग, ठोकलं की टणक आवाज. पहिल्या दोन वर्षांच्या काठ्यांना हात लावायचा नाही. शिवाय जुन्यांतल्या आठेक, नव्या काठ्यांच्या लगत असलेल्या, आधाराला ठेवायच्या. नवा कोंब जुन्या काठीनं साठवलेल्या अन्नावर वाढतो. लोभानं बेट साफ केलं की पुढच्या पावसात अंगठ्याएवढे कोंब येतात आणि लोक पाऊस कमी झाला म्हणतात.

घाव जमिनीपासून १५ ते ३० सेंमीवर, गाठीच्या लगेच वर, तिरपा. गाठीपासून लांब कापलात तर उरलेल्या नळीत पाणी साचतं, कूज खाली कंदात उतरते. बेट बाहेरच्या बाजूला वाढतं, म्हणून नव्या कोंबांच्या विरुद्ध अंगानं घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत शिरा नि मधल्या जुन्या काढा. बाहेरून सोप्या तेवढ्या कापल्या तर मध्यभाग कोंडून वाळतो, नि तीच वाळकी बेटं उन्हाळ्यात आधी पेटतात. जुलै ते सप्टेंबर तोड पूर्ण बंद. वास्ते (खायचे कोवळे कोंब) काढायचे तर बेटामागे किती, ते ठरवा. कमजोर बेटातून एकही नाही. पावसाआधी बेटाभोवती मातीची भर द्या.

एखादं बेट फुलोऱ्यावर आलं तर बी पडेपर्यंत कापू नका. मानवेल तीस-चाळीस वर्षांतून एकदा पट्ट्यानं फुलतो नि मरतो. बी पडलेल्या जागी पुढची काही वर्षं गुरं आणि आग दोन्ही बंद, नाहीतर बांबू त्या नाल्यावरून कायमचा गेला.

वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. २०११ साली मेंढा-लेखाला ते पुस्तक मिळालं, तेव्हापासून वाट मोकळी आहे. बेटाचा नंबर, काठ्यांची संख्या, तारीख अशी वही ठेवा. व्यापारी 'सगळं एकदम उचलतो' म्हणाला तर बुरडांना वर्षभर थोडं थोडं हिरवं देणं सोडू नका, त्यांचा दर चुकत नाही.

भिवापूरकर

फार उपयोग होतोय. चराई आणि रिकाम्या जागांचं सांगा कुणीतरी.

येन-धावडा

चराई : पूर्ण बंदी कागदावर राहते. मिश्र जंगलाचे चार भाग करा, एक भाग चार-पाच वर्षं बंद, तीन उघडे. फुटवा माणसाच्या उंचीवर गेला की तो उघडा, पुढचा बंद. बकऱ्या बंद भागात अजिबात नाहीत. गाय तोंड मारून पुढे जाते, बकरी शेंडा खुडते. शेजारच्या दोन गावांना वगळून हे ठरवलंत तर पहिल्याच पावसाळ्यात मोडेल. गवत कापून नेण्याची मुभा त्यांनाही द्या. बंद भागात दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर एक, फार तर दोन फुटवे ठेवून बाकी काढा. जमिनीलगत फुटलेला ठेवा. खुंटाच्या वरच्या टोकावरचा जोमदार दिसतो, पण खुंट कुजला की तो फाटून पडतो.

रिकाम्या जागा : तिथेच आणि तेवढ्यातच लावा. खड्डा ४५ × ४५ × ४५ सेंमी, एप्रिल-मेमध्ये खोदून तापू द्या, रोप दीड वर्षाचं, दोन चांगले पाऊस पडून ओल आत गेल्यावर. नाल्याकाठी कहू (अर्जुन), जांभूळ, करंज, उंबर. मुरमाड उतारावर रोहन, भेरा. सालई-मोवईच्या मनगटाएवढ्या फांद्या पावसाआधी रोवल्या तरी लागतात. मधल्या चांगल्या मातीत बिजा, हलदू, बेहडा, आवळा. काळ्या चिकण पट्ट्यात पाणी तुंबतं, तिथे सागाचा विचारही नको. धावड्याची रोपं मागू नका, त्याचं बी बहुतेक पोकळ निघतं. म्हणून उभा धावडा राखणं हाच धावडा लावण्याचा मार्ग.

आणि वठलेली झाडं सरपणाला काढू देऊ नका. हेक्टरी पाच-सहा तरी उभी ठेवा, त्यातली दोन जाड. धनेश, पिंगळा, सुतार यांना ढोली तिथेच मिळते. जाळरेषेपासून पन्नास मीटरच्या आत असतील ती मात्र काढा, कारण जाळरेषानं वर सांगितलंच आहे.

जाळरेषा

हे बरं केलं. एरवी आमचं-तुमचं यावरच वाजतं.

भिवापूरकर

मग असं ठरवतो : दिवाळीनंतर मोजणी, डिसेंबरात रेषा, फेब्रुवारीत खुटकटाई. खड्ड्यांचा विषय मोजणीचे आकडे आल्यावर. शेवटचा प्रश्न, तेच ४५ बिंदू पाच वर्षांनी पुन्हा सापडायला खूण काय करायची? झाडावर रंग?

नाकाडोंगरी

रंग दोन पावसाळ्यांत जातो, आणि रंगवलेलं झाड तोडायचं आहे असं समजून कुणीतरी तोडतं. मध्यबिंदूवर दीड फुटी लोखंडी सळई पूर्ण आत ठोका, वर दगडांची लहान रास. जवळच्या तीन मोठ्या झाडांपासूनचं अंतर नि दिशा वहीत, सोबत मोबाइलचे अक्षांश-रेखांश. मोबाइल दाट पानांखाली दहा-पंधरा मीटर चुकतो, म्हणून तीन झाडांची नोंद सोडू नका. आणि बिंदूवर उभं राहून उत्तरेकडे एक फोटो, दर वेळी त्याच महिन्यात.

येन-धावडा

सळई जमिनीच्या वर ठेवू नका, गुरांचा पाय जातो. मोजणीचा तक्ता बनवून इथे टाकतो, झाडांची इकडची नावं घालून. हलदूला तुमच्याकडे हेदू म्हणतात का ते तेवढं कळवा, नाहीतर दोन टोळ्या एकाच झाडाला दोन नावांनी लिहून मोकळ्या होतील.